चिठ्ठी तुमच्या हातात येते का?

प्रश्न : मी ४१ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. उंची १५८ सेंटीमीटर, वजन ९२ किलो. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू आहे. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले होते, पण त्रास नव्हता म्हणून तसंच राहू दिलं. आता वजन कमी करण्याचं इंजेक्शन सुरू करायचं ठरवलंय आणि शाळेमुळे ऑनलाइन सोयीचं वाटतं. तीन ठिकाणं पाहिली. पहिल्या ॲपचं तीन महिन्यांचं पॅकेज ३६,००० रुपये, डॉक्टर, डायटिशियन, औषध सगळं धरून. पैसे आधी भरायचे. दुसरीकडे व्हिडिओ भेटीचे ९०० रुपये आणि औषध आपलं आपण घ्यायचं. तिसरा पर्याय भिशीतल्या मैत्रिणीने सांगितला: व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायची, ४,००० रुपयांत महिन्याच्या चार भरलेल्या सिरिंज घरपोच. कोणतं घेऊ?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, तिसरा पर्याय आजच सोडा. पहिल्या दोनांत माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण एका अटीवर: पहिली तपासणी समोरासमोर व्हावी आणि त्यानंतरच्या भेटी व्हिडिओवर. असं का, ते तुमच्याच पत्रात आहे. पित्ताशयातल्या खड्यांचं तुम्ही मला लिहिलंत, पण तिघांपैकी कोणी त्याबद्दल विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. हे औषध (सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड, आठवड्यातून एकदा टोचायचं) सुरू करण्याआधी विचारायच्या पहिल्या चार-पाच प्रश्नांत तो प्रश्न येतो. वजन झपाट्याने उतरलं की पित्तखडे वाढण्याची आणि त्रास देण्याची शक्यता वाढते आणि या औषधांनी पित्ताशयाचे विकार थोडे जास्त होतात, हे त्यांच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. खडे आहेत म्हणून औषध घेताच येणार नाही, असं नाही. पण आज त्यांचा आकार किती, पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे का, हे कोणीतरी बघून ठरवायला हवं. ॲपवरच्या फॉर्ममध्ये ‘हो-नाही’वर टिक करून ते ठरत नाही.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३७च्या आसपास येतो. ही औषधं ३०च्या वर, किंवा २७च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असेल, तर मंजूर आहेत. म्हणजे औषधासाठी तुम्ही पात्र आहात आणि ते मागण्यात कसलाही संकोच नको. प्रश्न फक्त कोणाकडून घ्यायचं एवढाच.

तुलना करताना लोक पहिल्या महिन्याची किंमत बघतात. त्याआधी एक गोष्ट विचारा: डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी माझ्या हातात येईल का, आणि ती घेऊन मी कुठल्याही मेडिकल स्टोअरमधून औषध घेऊ शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात. किंमत वाढली, दुकान बदला. डॉक्टर पटले नाहीत, तीच चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. उत्तर ‘औषध आम्हीच पाठवतो, चिठ्ठीची गरज नाही’ असं असेल, तर पुढचे सगळे निर्णय त्यांच्या हातात गेले.

नियमही याच बाजूचे आहेत. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२०ला आली. चिठ्ठीवर आणि पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असणं, प्लॅटफॉर्मने प्रत्येक डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि संपर्क देणं त्यात बंधनकारक आहे. निदान न करता औषध लिहून देणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं आहे. संगणकाने किंवा एआयने सल्ला देणं वा औषध लिहिणं तर सरळ मना आहे. त्यामुळे प्रश्नावली भरल्यावर पाच मिनिटांत ‘तुम्ही पात्र आहात, पैसे भरा’ असा संदेश आला, तर डॉक्टरांशी बोलणं झालेलंच नाही असं समजा. नोंदणी क्रमांक मिळाला की महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर शोधून बघा; डॉक्टर दुसऱ्या राज्यातले असतील तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदवहीत. नाव आणि पदवी जुळली पाहिजे. लिहून देणारे एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे तज्ज्ञ) असावेत. डायटिशियन किंवा ‘हेल्थ कोच’ कितीही चांगले असले तरी डोस ठरवणं त्यांचं काम नाही.

आता पैशांचं. ३६,००० म्हणजे महिन्याला १२,००० झाले. पण कोणत्या औषधाचे, कोणत्या डोसचे? या औषधांचा डोस पायरी-पायरीने चढतो. वेगोवीत (सेमाग्लुटाइड) आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने सुरुवात होते आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. म्हणजे सर्वात वरच्या पायरीवर पोचायलाच सोळा आठवडे जातात. माउंजारोत (टिर्झेपेटाइड) पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५. गरज पडली तर किमान चार-चार आठवड्यांच्या अंतराने २.५ने वाढवत जास्तीत जास्त १५. किंमतही त्याच पायऱ्यांनी चढते. माउंजारो मार्च २०२५मध्ये आपल्याकडे आलं, तेव्हा २.५ची व्हायल (औषधाची छोटी बाटली) ३,५०० आणि ५ची ४,३७५ रुपये होती. महिन्याला चार धरल्या तर १४,००० आणि १७,५००. वेगोवी जून २०२५मध्ये आलं, तेव्हा सुरुवातीच्या डोसचा महिना १७,३४५चा आणि २.४चा २६,०१५चा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगोवीची किंमत ३७ टक्क्यांपर्यंत उतरली. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांची सेमाग्लुटाइड बाजारात आली. ज्या औषधाचे भाव असे वर-खाली होत आहेत, त्याचे तीन महिन्यांचे पैसे आधी भरणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. आधी पैसे भरलेल्या पॅकेजमध्ये डोस कॅलेंडरप्रमाणे चढवला जातो. चार आठवडे झाले, पुढच्या पायरीचं पेन (औषध आधीच भरलेलं, पेनसारखं इंजेक्शन) आलं. शरीर तयार नसेल तर इथेच उलट्या, गच्च बद्धकोष्ठ आणि शेवटी ‘मला हे सोसत नाही’ म्हणून औषध सोडणं सुरू होतं. खरं तर मळमळ थांबली नसेल तर त्याच पायरीवर आणखी चार आठवडे थांबतात आणि कमी डोसवर वजन नीट उतरत असेल तर वर जायची घाईही नसते. हे ठरवायला दर पायरीआधी डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलणं हवं. दुसऱ्या ठिकाणच्या ९०० रुपयांच्या भेटी इथेच वसूल होतात.

पहिल्याच ठिकाणी जायचं ठरवलंत, तर आधी पाच महिन्यांचा हिशेब लेखी मागा: औषधाचं ब्रँडनाव, प्रत्येक डोसची महिन्याची किंमत, सुया, कुरिअर, पुढच्या भेटींची फी. ब्रँडनाव सांगायला टाळाटाळ होत असेल तर तिथेच थांबा. ओझेम्पिक आणि वेगोवी दोन्हींत सेमाग्लुटाइडच असतं, पण ओझेम्पिक मधुमेहासाठी मंजूर आहे. कुठलं आणि का देताय, हे डॉक्टरांनी सांगायला हवं. पैसे परत मिळण्याच्या अटी वाचा. ‘पॅकेट पाठवल्यावर परतावा नाही’ हे औषधाच्या बाबतीत समजण्यासारखं आहे, पण न पाठवलेल्या दोन महिन्यांचे पैसे परत मिळायला हवेत. दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याचा चौकोन आधीच टिक केलेला असेल तर ते २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत बसत नाही. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर असायला हवं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात यायला हवा. यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर ते तुमच्या पेमेंट ॲपमधून तुम्ही स्वतः बंद करू शकता. त्यांच्या परवानगीची गरज नाही.

भरलेल्या सिरिंजबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा प्रकार मैत्रिणी-मैत्रिणींत फार पसरतोय आणि सांगणाऱ्या बाईचा हेतू चांगलाच असतो. माउंजारोची व्हायल एका डोसची असते. आत ०.५ मिलिलिटर औषध असतं, जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते रसायन त्यात नसतं, त्यामुळे एकदा सुई गेली की उरलेलं फेकायचं असतं. कोणी जास्त ताकदीच्या व्हायलमधून किंवा पेनमधून थोडं थोडं काढून प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून देत असेल, तर ते किती दिवस टिकतं हे कोणी तपासलेलं नाही. त्यावर बॅच नाही, मुदत नाही. आत २.५ आहे, ५ आहे की नुसतं पाणी आहे, हे बघून कळत नाही. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४मध्ये जगभर इशारा दिला होता, तो हुबेहूब दिसणाऱ्या बंद पॅकबद्दल. इथे तर पॅकच नाही.

सिरिंजचा आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात: लाल टोपीची यू-४० आणि नारिंगी टोपीची यू-१००. ‘१० युनिट घे’ असं कोणी सांगितलं तर नारिंगीत ते ०.१ मिलिलिटर होतं आणि लालमध्ये ०.२५. म्हणजे अडीचपट औषध. मेडिकलवाला हाताला येईल ती सिरिंज देतो, मग रात्रभर उलट्या होतात आणि दोष औषधाला लागतो. तुम्हाला व्हायल दिलीच, तर डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि सिरिंजचा प्रकारही चिठ्ठीत लिहायला सांगा. ०.५ मिलिलिटर म्हणजे यू-१००वर ५० आणि यू-४०वर २०. पेन घेतलंत तर हा गोंधळ टळतो.

आता नागपूरचा प्रश्न, म्हणजे ऊन. ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. माउंजारोची व्हायल फ्रिजबाहेर २१ दिवस चालते, पण ३० अंशांच्या आत. मार्च ते जून आपल्याकडे घरातलं तापमान ३०च्या आत कुठे असतं? कूलर लावला तरी दुपारी नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर कुरिअरच्या गाडीत बाहेरच्या ४५ अंशांहून जास्त गरम होतं. म्हणून ही सवलत आपल्यासाठी नाहीच असं धरून चाला. ऑनलाइन मागवायचंच असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी निघेल असं सांगा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर गोदामात पडून राहतं. डबा उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. जेल पॅक गार असायला हवेत. ते वितळून कोमट झाले असतील तर घेऊ नका. उलटही होतं: बर्फाचा पॅक थेट खोक्याला चिकटून औषध गोठतं. गोठून पुन्हा वितळलेलं औषध दिसायला स्वच्छच दिसतं, पण ते वापरायचं नाही. गढूळ किंवा कण असलेलं तर नाहीच.

म्हणूनच उन्हाळ्यात मी स्थानिक दुकान सुचवेन. चिठ्ठी घेऊन धंतोली-रामदासपेठेतल्या ज्या मेडिकलमध्ये फ्रिजवर तापमानाचा आकडा दिसतो आणि वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, तिथून घ्या. बर्फाच्या छोट्या डब्यात, औषध आणि बर्फ यांच्यामध्ये रुमाल ठेवून, सकाळी लवकर घरी आणा. बिलावर ब्रँड, डोस, बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या आणि खोक्याशी ताडून बघा. बिल द्यायला नकार दिला तर ते दुकान सोडा. संशय वाटला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा. दारात नको आणि एका दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या खणाला लागून तर मुळीच नको.

थायरॉइडबद्दल काळजी करू नका, पण नीट समजून घ्या. या औषधांवरचा थायरॉइडचा इशारा ‘मेड्युलरी कार्सिनोमा’ या दुर्मीळ कर्करोगाचा आहे. तो तुम्हाला किंवा घरात रक्ताच्या नात्यात कोणाला झाला असेल, किंवा ‘एमईएन-२’ हा आनुवंशिक आजार असेल, तर औषध घ्यायचं नाही. तुमची गोळी हायपोथायरॉइडची असणार. ती आणि हे वेगळं. फक्त वजन उतरलं की गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो, म्हणून सुरुवातीला टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून ठेवा आणि वजन उतरू लागल्यावर पुन्हा करा. सोबत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), उपाशीपोटीची साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरच्या चाचण्या, लिपिड आणि रक्तदाब. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, हेही डॉक्टरांना सांगा. ४१व्या वर्षी आणखी एक गोष्ट विचारायची राहून जाते: गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी चाचणी, आणि सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद. टिर्झेपेटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे निरोधसारखं दुसरं साधन वापरावं लागतं. जी सेवा हे न विचारता बाईमाणसाला टिर्झेपेटाइड देते, तिच्याकडे जाऊ नका.

सेवा जाणकार आहे का, हे बघायला एक सोपी परीक्षा घ्या. ‘माझा एक डोस चुकला तर काय करू?’ असं विचारा. माउंजारो असेल तर चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्यायचं, नाहीतर सोडून पुढच्या ठरल्या दिवशी. वेगोवीत पुढचा डोस दोन दिवसांहून लांब असेल तरच चुकलेला घ्यायचा. आणि सलग दोन-तीन चुकले तर परत खालून सुरू करायचं का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस घ्यायचा नाही. असं नेमकं उत्तर न येता ‘काही होत नाही, दोन एकदम घ्या’ असं आलं, तर निरोप घ्या.

रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलतं, हेही आधीच विचारा. पोटात वरच्या बाजूला सणकून, पाठीत जाणारी आणि न थांबणारी कळ. उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा डोळे पिवळे. किंवा पाणीसुद्धा पोटात न ठरणं: यात ॲपवर चॅट करत बसायचं नाही, सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्यात, नाहीतर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि इंजेक्शनचं नाव, शेवटचा डोस कधी घेतला ते सांगायचं. तुमच्या खड्यांमुळे हे तुम्ही आणि घरच्यांनी पाठ करून ठेवा. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले की शरीरातलं पाणी पटकन उतरतं आणि किडनीवर ताण येतो, म्हणून ओआरएस घरात हवंच. इंजेक्शनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सावजी, तर्री, वडाभातावरचं कच्चं तेल टाळा. पोट उशिरा रिकामं होत असताना तेलकट खाल्लं की मळमळ हमखास. थोडं खा, पण त्यात वरण, मोड आलेली मटकी, दही, अंडी किंवा पनीर असू द्या, नाहीतर चरबीसोबत स्नायूही उतरतात.

अपेक्षेबद्दलही सांगते. वेगोवीच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं; तुमच्या ९२ किलोंत ते १३-१४ किलो होतं. ‘महिन्यात १० किलो’ म्हणणारी जाहिरात दिसली तर तिथून निघा. लठ्ठपणावरच्या औषधांच्या अशा जाहिराती १९५४च्या कायद्याने बंद आहेत. त्याच चाचणीतल्या ज्यांनी औषध थांबवलं, त्यांचं उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं. म्हणून तुमचा हिशेब तीन महिन्यांचा नको, किमान वर्ष-दीड वर्षाचा हवा आणि थांबवायचं कसं, हेही डॉक्टरांशी आधीच बोललेलं हवं. तेवढ्या काळासाठी महिन्याला घरखर्चातून किती निघेल, तो आकडा काढा आणि मगच औषध निवडा. मधेच पैशांअभावी बंद पडण्यापेक्षा स्वस्त सेमाग्लुटाइड सलग घेतलेलं बरं.

आता पहिल्या दोन ठिकाणी हा संदेश जसाच्या तसा पाठवा: ‘नमस्कार. पैसे भरण्याआधी कृपया लेखी कळवा. तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. औषधाचं ब्रँडनाव आणि प्रत्येक डोसची महिन्याची किंमत. सही केलेली चिठ्ठी मला मिळेल का आणि औषध मी नागपुरातल्या दुकानातून घेऊ शकते का. मधेच थांबवलं तर न पाठवलेल्या औषधाचे पैसे किती दिवसांत परत मिळतील. मला पित्तखडे आहेत आणि थायरॉइडची गोळी सुरू आहे. डॉक्टर त्याचे रिपोर्ट आधी बघतील का.’

उत्तर येईपर्यंत पोटाची सोनोग्राफी करून घ्या. सकाळची वेळ घ्या, आधी सहा ते आठ तास काही खाऊ नका, चहासुद्धा नको. थायरॉइडची गोळी तेवढी घोटभर पाण्याबरोबर घेतली तर चालते. दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे खडे वाढलेत का हे तिथेच ताडून बघता येईल.